हौदातलं पाणी

मोर्शीजवळच्या ललित तायडेच्या संत्र्याच्या बगीच्यात म्हशीनं भर दुपारी हौदात तोंड घातलं आणि ती जागीच कोसळली. नाकातून रक्त आलं. पाय झाडत झाडत तिनं जीव सोडला.

ललितनं धावत जाऊन मोटारीचं बटण बंद केलं, वायरही कापून टाकली. तशीही सकाळपासून गावात लाईन नव्हतीच.

"आता कायचा करंट राह्यते?" म्हणत तो हौदाकडे वळला.

"हात नका घालू! तुमाले सांगून राहिली ना मी!" त्याची बायको ज्योत्स्ना ओरडली.

त्यानं बोटं बुडवली. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही, पण त्याचा हात कोपरापर्यंत आत ओढला गेला. मान मागे फेकली गेली, दात करकरा वाजले. ज्योत्स्नानं कोरडं लाकूड उचललं आणि त्याच्या दंडावर हाणत राहिली. हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तो सुटून मातीत पडला.

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास चालू होता.

"बोला न माह्यासंग."

ललितनं डोळे उघडले. "मले हात नको लावू," तो कसाबसा म्हणाला.

दंडातली कळ मस्तकात गेली आणि त्याचे डोळे भरून आले. पुसायला म्हणून तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. पहिला थेंब ओघळून तिच्या बोटांवर आला.

तिची बोटं त्याच्या गालात रुतली. तिला हात सोडवता येईना, आणि ललितचं रडू थांबत नव्हतं.