केकीसाहेबांची सही

हर्षलने बॉनेट उचललं, आत वाकून पाहिलं आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"सही कुठंय?" त्याने विचारलं.

कानिफतात्यांच्या गॅरेजसमोर निम्मं राजूर जमलं होतं. पुण्याहून माणूस जुनी फियाट विकत घ्यायला येतो म्हणजे काय! आणि ही फियाटही साधीसुधी नव्हे. शर्यतींचा राजा केकी सुरतवाला हीच गाडी पळवायचा. भंडारदऱ्याच्या घाटात तिचा अॅक्सल मोडला, तेव्हा बॉनेटच्या आतून सही करून त्याने ती तात्यांना देऊन टाकली. असं तात्या सांगायचे आणि गाव हसायचं. कानिफनेच खरडली असेल म्हणायचं. शेवटी वैतागून तात्यांनी बॉनेट उघडून दाखवणंच सोडलं. आज हर्षल केकींच्या सहीचा फोटो घेऊन आला होता. सही जुळली की गाडी पुण्याच्या संग्रहालयात केकींच्या नावाने उभी राहणार होती आणि गावाचं तोंड कायमचं बंद होणार होतं. तात्यांना याहून जास्त काही नकोच होतं.

"आसंल की. नीट बघा," सुनील म्हणाला. तात्यांचा हा मुलगा. त्याने लहानपणी सही पाहिली होती.

हर्षलने मोबाईलचा उजेड पाडला. आत सगळं लालभडक, नवंकोरं. "इथं तर परवाचा रंग आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत नुसता अंधार होता, म्हणून तर मी स्वतः आलो. कागदपत्रं वाळवीने खाल्ली म्हणता. केकींच्या शर्यतीच्या टीमकडे अशा चार फियाट होत्या. त्यांची कोणती, हे सहीशिवाय कसं ठरवू?"

दाराशी उभी असलेली ज्ञानेश्वरी दोन पावलं पुढे आली. तात्यांची ही सून. बाजाराला न्यायच्या आधी बैलाची शिंगं साळायची, रंगवायची, हे तिने माहेरी लहानपणापासून पाहिलेलं. दारातून जायची ती वस्तू नटून जावी, एवढंच तिच्या मनात होतं. तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला संगमनेरला गेले, सोबत सुनील गेला, तेवढ्यात तिने ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून गाडी आतून-बाहेरून रंगवून घेतली. काल परत आल्यावर तात्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्याने गाडी पाहिली आणि ते खुशीत हसले. सुनीलनेही वाहवा केली. बॉनेट उचलून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

"रंगाखाली आसंल," सुनील म्हणाला. त्याने चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि आतल्या पत्र्यावर घासायला लागला.

हॉटेलवाला राधाकृष्ण धंदा सोडून आला होता, तोही मान पुढे काढून बघत होता. लाल रंग सुटला. त्याखालचा प्रायमरचा करडा थरही सुटला. सुनील आणखी जोर लावून घासू लागला. हाताएवढी जागा उघडी झाली आणि तिथे लख्ख पत्रा निघाला. एक रेघसुद्धा नाही.

पेंटर कामाचा पक्का होता. जुनं सगळं खरवडल्याशिवाय रंग धरत नाही, म्हणाला होता. ज्ञानेश्वरीला आता ते आठवलं. आत काळी, वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं होती. वहिनी, हे बी काढू का, असं त्याने तिला बोलावून विचारलं होतं. सहीची गोष्ट तिने ऐकली होती, पण सही म्हणजे कागदावरची, असाच तिचा समज; हे कुण्या फिटरने खरडलं असेल, असं तिला वाटलं. "काढा की, चांगलं घासून काढा," ती म्हणाली होती. स्वतःच्या तोंडाने.

"आतून घासायला कुनी सांगितलं हुतं त्याला?" सुनील तिच्याकडे वळला. आवाज चढला होता. "आगं, बोल की! तात्यांच्या जल्माचं मातेरं झालं आज!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. गावात आता हिचं नाव काय पडणार, ते तिला तिथेच दिसलं. तिने पदर घट्ट धरला. "मीच त्याला..."

"सही न्हवतीच," तात्या म्हणाले.

ते खुर्चीतून उठले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा सरळ हर्षलवर.

"आसं काय बोलताय तात्या? मी सोता बघितलीया!"

"ती मी लिवल्याली हुती." तात्यांचा आवाज शांत होता. "गाव म्हनत हुतं त्येच खरं हाय. पावनं, तुमाला उगंच हेलपाटा पडला. माफ करा."

मग राधाकृष्ण खो खो हसला. "कबूल केलंस ना कानिफ येकदाचं! मी काय म्हनत हुतो?" मग बाकीचेही हसले. सुनील खाली बघत चिंधी पिळत राहिला. हर्षलने मोबाईल खिशात टाकला, हात जोडले आणि तो आपल्या गाडीकडे चालू लागला.

तात्यांनी बॉनेट हळूच खाली घेतलं. त्याआधी सही होती त्या जागेवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, ते फक्त ज्ञानेश्वरीने पाहिलं. ती पुढे आली. सगळ्यांच्या देखत तिने वाकून त्यांचे पाय धरले. तिला हुंदका आवरेना.

तात्या चटकन मागे सरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आगं, पाया पडायला आज काय सन हाय का? ऊठ, मंडळींना च्या टाक."