खड्ड्यातला एसी

चौथ्यांदा ट्रक गॅरेजला लावला आणि चौथ्यांदा एसी बर्फासारखा गार लागला. "चालतोय की," मिस्त्री हसला. माझं डोकंच फिरलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन. परवा केम गावाच्या रस्त्याला एसी बंद पडून केबिन अशी तापली, की स्टेअरिंगवरच डोळ्यांपुढं अंधारी आली. आणि मालक चार लोकांदेखत म्हणतो, "तुला गाडी चालवायची न्हाय, नुसती कारणं पायजेत." मी मिस्त्रीचा दंड धरून त्याला केबिनमध्ये बसवलं आणि गाडी गॅरेजमागच्या खड्ड्यांत घातली. तिसऱ्याच खड्ड्याला तोंडावर गरम झळ आली. "आता हस की!" मी ओरडलो. मिस्त्री हसला न्हाय. उतरून थेट पुढच्या जाळीपाशी गेला. "हितं आपण कदी बघितलंच न्हाय." कसं बघणार? तितं मालक दर अमावस्येला स्वतःच्या हातानं लिंबू-मिरची बांधतो, आणि त्या जागेला कुणी हात लावायचा न्हाय, असा त्याचा दम हाय. मिस्त्रीनं जाळीतून मोबाईलची बॅटरी मारली. लिंबू-मिरची पडू नये म्हणून मालकानं लोखंडी तार आत घालून एसीच्या वायरीलाच आवळली होती. वायर घासून तुटायला आली होती. गाडी उभी असली की चिकटायची, हादरा बसला की सुटायची. मी तितूनच फोन लावला. "मालक, बिघाड घावला. पक्कड घिऊन या. तुमच्या गाठीला आमी हात लावत न्हाय."