बावीस तासिका

बेरीज एकदा केली असती तरी पुरे होते. तिसरीच्या बाईंनी ती चार वेळा केली. वर्षभरात गणिताच्या तासिका एकशे अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांनी आखलेल्या नव्या नियोजनाला लागत होत्या दोनशे. उरलेल्या बावीस कुठून तरी आणणे भाग होते, आणि ते ‘कुठून तरी’ शिक्षकखोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी बसून पेन्सिलींना टोक काढत होते.

चौथीच्या सरांना मुले ‘कंपास’ म्हणत. एका जागी टोक रोवायचे आणि समोरच्याला गोल फिरवायचे, ही त्यांची ख्याती. नाव मुलांनी ठेवले होते, पण वचकून असत ते मोठेही.

मुख्याध्यापिकांनी सकाळीच बजावले होते, “चारपर्यंत दोघांच्या सह्या हव्यात. नाही झाल्या, तर गेल्या वर्षीचंच नियोजन तारीख बदलून पाठवून देते.” घड्याळात साडेतीन वाजले होते. बाईंनी एक कागद उचलला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“सर, जरा बोलायचं होतं.”

“बोला की. हात गुंतलेत, कान मोकळेच आहेत.”

“दोन अंकी संख्येचा भागाकार चौथीत घ्याल का? माझ्याकडे त्याला बावीस तासिका जातात. त्या मला वजाबाकीला हव्यात.”

“वजाबाकी?” सरांनी मान वर केली नाही. “ती तर तिसरीत होतेच. दरवर्षी होते. नियोजनात लिहिलेलं असतं.”

बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. “त्रेसष्ट वजा अठ्ठावीस. वर्ष संपताना माझ्या एक्केचाळीस मुलांना घातलं होतं. एकोणतीस जणांनी उत्तर लिहिलं, पंचेचाळीस.”

सरांचा हात थांबला. बाईंनी आवाज शक्य तितका सपाट ठेवला. “आठातून तीन गेले, पाच. सहातून दोन गेले, चार. निष्काळजीपणाच्या चुका असत्या, तर उत्तरं विखुरली असती. एकोणतीस जणांची एकच चूक, म्हणजे ती शिकवलेली आहे. ‘मोठ्यातून लहान वजा करा’ हे वाक्य माझं. पहिल्या आठवड्यापासून घोकून घेतलेलं.”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले, की स्वतःविरुद्धचा पुरावा आपण स्वतःच्या हाताने नेमक्या माणसाकडे दिला आहे. हा कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर गेला, तर नियोजन राहिले बाजूला, तिसरीचा वर्गही हातून जायचा.

सरांनी कागद दोनदा वाचला. मग खण उघडून आपली दैनिक नोंदवही काढली आणि वर्षारंभीचे पान उलगडून बाईंपुढे धरली.

“वाचा.”

“‘भागाकार : पूर्वतयारी.’” बाईंनी पान उलटले. पुढच्या पानावरही तेच होते. चोवीस दिवस तेच. “एवढी कसली तयारी करून घेत होतात?”

“तुमच्या वजाबाकीची.”

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. “मी येऊन सहा वर्षं झाली, सर.”

“सहाही वर्षं.”

“आणि एका शब्दानं बोलला नाहीत?”

“काय बोलणार? पूर्वज्ञानाचा रकाना असतो ना, त्यात दरवर्षी लिहितो, ‘मुलांना हातच्याची वजाबाकी येते.’ सही ठोकतो आणि दुसऱ्या दिवसापासून तीच शिकवायला घेतो. येत नाही असं लिहिलं, तर ठपका तुमच्यावर. तुम्ही काय लिहिता हो त्या रकान्यात?”

“मुलांना दशक-एकक समजतात.”

“समजतात?”

“नाही.”

“तपासलंत कधी?”

“या वर्षी. पहिल्यांदाच.”

कंपास सर हसले. ते हसताना कसे दिसतात हे बाईंना ठाऊक नव्हते. पुढचे दोन दात जरा तिरपे होते. “मग दुसरीच्या बाईंना कोण सांगणार? मी नाही हं सांगणार. त्या माझ्या मेव्हणीच्या मैत्रीण आहेत.”

“मी सांगते,” बाई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या.

पुढचा हिशेब पाच मिनिटांत उरकला. चौथीत येणारी मुले भागाकार करून आली होती. त्यांची वजाबाकी सर या वर्षी शेवटची घेणार. पुढच्या वर्षीची मुले वजाबाकी करून येतील. त्यांचा भागाकार सरांचा. तेव्हा सरांचे चोवीस दिवस सुटत होते, भागाकाराला बावीस लागत होते. उरलेल्या दोन दिवसांचे काय, असे बाईंनी विचारले. “मी आजारी पडेन,” सर म्हणाले आणि नियोजनावर सही केली.

मुख्याध्यापिकांनी चारला सात मिनिटे असताना नियोजन ठेवून घेतले. बाई परत आल्या तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडलेला होता, आणि टेबलावर एक कापडी पिशवी होती. आत आइस्क्रीमच्या काड्या, रबर लावून बांधलेले वीस गठ्ठे. कडा मुलांच्या हातांनी काळपट झालेल्या.

“तुम्हाला,” सर म्हणाले. “माझ्याकडे दुसरी पिशवी आहे. दहा-दहाचे गठ्ठे आहेत. एक मात्र नऊचा.”

“काडी हरवली?”

“मुद्दाम काढली. जो रबर काढून मोजतो, त्यालाच तो नऊचा गठ्ठा सापडतो. बाकीचे माझ्यावर विश्वास ठेवतात.”

“कोणता आहे?”

सर उत्तर न देता दारातून बाहेर पडले. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या गठ्ठ्याचे रबर काढले.