हिस्केची चिठ्ठी

लेवार्डन या डच शहरातल्या आमच्या शाळेत प्रत्येक सुट्टीनंतरच्या पहिल्या बुधवारी आम्ही काही मुलांच्या आया सगळ्या वर्गाच्या डोक्यातल्या उवा बघतो. त्या वर्षी कॅन्सरच्या औषधांनी चिमुरड्या हिस्केचे सगळे केस गेले होते, तरी टोपी काढून ती रांगेत उभी.

"अगं, तुझं काय बघू?" मी म्हटलं.

"सगळ्यांचं बघतेस ना? मग माझंही बघ."

मी त्या गुळगुळीत डोक्यावरून फणी फिरवली. "एकही नाही."

नाताळनंतर तेच. ईस्टरनंतरही तेच.

उन्हाळी सुट्टीनंतर तिच्या बोटभर केसांत फणी अडकली. मी वाकून नीट पाहिलं आणि घरी द्यायची चिठ्ठी लिहिली. बाकीची मुलं ती दप्तरात लपवतात. हिस्के ती उंच धरून फाटकाकडे धावत सुटली.

"आई! माझ्या डोक्यात उवा झाल्यात!"