बोकड अंग झाडेना

बोकड अंग झाडेना. पुनमच्या सासऱ्यांनी, योगराज आबांनी, त्याच्या पाठीवर आणखी एक तांब्या ओतला, तरी तो ढिम्म उभा.

पुनमने नाकाला पदर लावला. ओल्या बोकडाचा वास, देवीच्या दगडाभोवती वाळून काळं पडलेलं जुनं रक्त, त्यावर माशा. आज तिच्या बाळाचं जावळ होतं. या घराण्यात जावळाला बोकड लागायचा. पाणी टाकल्यावर त्याने अंग झाडलं, तर देवीने तो मानला असं समजायचं आणि मगच सुरा चालवायचा. पलीकडे चुलीपाशी मसाला वाटून तयार होता. पाहुणे हात जोडून उभे होते, पण नजर बोकडाच्या मांड्यांवर.

बोकड अडला की घरातल्या कुणीतरी देवीशी बेइमानी केली, असा अर्थ लावत. चुकणारी नेहमी बाईच निघायची. पुरुषांच्या हातून या घराण्यात आजवर काही चुकलंच नव्हतं. त्या बाईने दगडापुढे नाक घासायचं आणि पुढच्या वर्षीच्या बोकडापर्यंत बाळाला हात लावायचा नाही. म्हणजे वर्षभर आई असून नसल्यासारखी.

आणि पुनमकडे लपवण्यासारखं होतं. बाळंतपणात ताप मेंदूत जायची वेळ आली, तेव्हा पाचोऱ्याच्या दवाखान्यातल्या सुनंदा सिस्टर तिच्या उशाशी बसून राहिल्या होत्या. त्यांनीच तिला येशूबद्दल सांगितलं. त्याने सगळ्यांसाठी एकदाच रक्त सांडलं, आता कुठल्याही देवाला घाबरून काही कापायची गरज नाही, तो सांभाळतो. पुनमला ते पटलं. लहानपणापासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं. शिवणक्लासच्या नावाखाली ती दर रविवारी सिस्टरांच्या घरी प्रार्थनेला जाऊ लागली. तिथे ती मोकळी असायची. घरी परतताना बसमधून उतरली की पुन्हा तोंडाला कुलूप.

एकेक बाई पुढे येऊन दगडाला डोकं टेकून गेली. बोकड हलला नाही. सगळ्यांचे डोळे पुनमवर येऊन थांबले. नवरा, भूषण, चपलेने माती उकरत राहिला. आबा जवळ आले. त्यांच्या तोंडाला सकाळपासूनच दारूचा भपकारा होता. सूनबाईने काही केलं असेल तर आत्ताच सांगावं, नाहीतर लेकराचं बरंवाईट होईल, असं ते म्हणाले. पुनमने बाळाला घट्ट धरलं. सांगावं असं फार वाटलं. पण सांगितलं तर बाळ वर्षभर दुरावणार होतं.

तेवढ्यात सासू पुढे आली. मंदाबाई. मिश्रीने काळे झालेले दात, बाळाच्या मनगटात काळे दोरे बांधणारे हात. पुनमला घरात सगळ्यात जास्त किळस कुणाची येत असेल, तर हिची. आणि बाळ रात्री झोपायचं ते फक्त हिच्याच मांडीवर.

"पुनमले काही इचारू नका," मंदाबाई म्हणाली. "त्या येशूनी प्रार्थनाले मीच जास. मन्हं चुकनं."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, पुनमच्या लक्षात आलं. कुजबुज झाली. मंदाबाई कधी गावाची वेस ओलांडून एकटी गेली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण चुकलेली बाई सापडली होती आणि चुलीवरचा मसाला जळत होता. मंदाबाई गुडघ्यांवर बसली आणि तिने खडबडीत जमिनीवर नाक घासलं. साल निघून रक्त ओठावर आलं.

आबांनी आणखी एक तांब्या ओतला. बोकडाने शिंगापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. शिंतोडे पाहुण्यांच्या तोंडावर उडाले. "मानला, मानला" असा एकच गलका झाला. कुणी हळद उधळली, कुणी सुरा आणायला पळालं.

पुनम सुटली होती. बाळ कडेवर होतं, भूषणचा चेहरा सैल झाला होता. आता फक्त गप्प राहायचं होतं. समोर म्हातारी तशीच बसून पदराने नाक पुसत होती. बाळाने सवयीने तिच्याकडे हात पसरले, तशी ती मागे सरली. पुनमला बोकडाची, दारूची, त्या माशांची आली नव्हती एवढी शिसारी स्वतःची आली. दर रविवारी ती डोळे मिटून म्हणायची की दुसऱ्याने माझा दोष स्वतःवर घेतला. आज डोळ्यांदेखत कुणीतरी घेतला, आणि ती गप्प उभी होती.

ती चालत गेली आणि बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं. मग आबांकडे वळली.

"आबा, प्रार्थनाले मी जास. या नई. मन्हासाठे येशूनं रगत आधीच सांडेल शे. आते बोकडनं नको, अन् मन्ही सासूनं बी नको."

सुरा आणणारा वाटेतच थांबला. भूषणने मान वर केली. आबांच्या हातातला दोर सैल पडला. ते एकदा पुनमकडे, एकदा मंदाबाईकडे बघत राहिले. चुकली सून, नाक घासलं सासूने, तेही खोटं सांगून. मग देवीने मानलं काय? हे त्यांना कुठेच बसवता येईना.

"मंग बोकडनी अंग कसं काय झाडं?" त्यांनी विचारलं.

मंदाबाईने बाळाला पोटाशी धरलं आणि त्याच्या मनगटातला काळा दोरा दाताने तोडला.

"तुम्ही थंडं पानी टाकं म्हनीसन," ती म्हणाली.