पंधरा दिवसांचं सामान

महासागर ओलांडणाऱ्या यॉटवर सुताराची नोकरी लागली तेव्हाच परतायला सहा महिने लागणार हे त्याला ठाऊक होतं. पण बायकोला सांगायला जीभ रेटेना. “पंधरा दिवसांत आलोच बघ,” म्हणाला. तिने काही न विचारता सामान बांधून दिलं. निघताना धक्क्यावर कप्तानाने बॅग उचलून पाहिली. “सुतारबुवा, घरच आणलंत की काय? ओझं कमी करा.” त्याने हसत चेन उघडली. दोन शर्टांखाली साबणाच्या वड्यांची चळतच्या चळत निघाली, सहा महिने पुरेल एवढी. शेजारी उभ्या बायकोसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “खाऱ्या पाण्यात याला फेस येत नाही,” कप्तान म्हणाला. “दोन ठेवा, बाकीच्या परत द्या.” मान वर न करता एकेक वडी पिशवीत भरत ती म्हणाली, “बरं झालं. आता पंधरा दिवस घरी साबण आणायला नको.”