हरण्याची झूल

पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल न्यायचा मान पाटलाचा. बहात्तरच्या दुष्काळात पाटलांचे बैल मेले. गावात एकच उरला, माझा हरण्या. पाटील जरीची झूल घेऊन आले. “ही घाल, म्हंजी बैल माझा.” सोसायटीचे चेअरमन दुसरी झूल घेऊन आडवे आले. “आमच्या कडब्यावर जगलाय. मान सोसायटीचा.” पाटील भडकले. मूळपुरुषापासून अकरा पिढ्या, एकेकाचा पराक्रम सांगू लागले. उन्हात हरण्याच्या तोंडाला फेस आला. “मालक, पाणी पाजून आणतो,” मी म्हणालो. “थांब रं! पोळ्याचा बैल वेशीतनं माघारी न्हाई न्यायचा.” “खरं हाय,” चेअरमन म्हणाले. दोघांचं तेवढंच जुळलं. सातव्या पिढीला हरण्या बसला, अकराव्या पिढीला मेला. दोघांनी झुली काखेत मारल्या. त्या वर्षी तोरणाखालून पहिला हरण्याच गेला. चौघांनी ओढत नेला. अंगावर झूल कुणीच टाकली नाही.